एका माईकभोवती बैठक

शास्त्रीय गायनाच्या बैठकीचं रेकॉर्डिंग आज बहुतेक ठिकाणी ठरावीक पद्धतीने होतं. गायकापुढे एक माईक, तबल्याला एक, डग्ग्याला एक, पेटीला एक, तंबोरा असलाच तर त्यालाही एक. प्रत्येक आवाज आपापल्या वाटेने साठवला जातो आणि मग कुणीतरी संगणकासमोर बसून या सगळ्यांना पुन्हा एकाच खोलीत बसल्यासारखं भासवण्याचा प्रयत्न करतो. त्यासाठी कृत्रिम घुमारा मिसळावा लागतो, कारण खरी खोली माईकपर्यंत पोचलेलीच नसते. या पद्धतीची उपयुक्तता मी नाकारत नाही. मोठ्या मंडपात, ध्वनिक्षेपक चालू असताना दुसरा इलाजही नसतो. पण चार-पाच कलाकार, एक बरी खोली आणि थोडा निवांत वेळ एवढं हाताशी असेल, तर एका स्टँडवर एकच स्टिरिओ रिबन माईक उभा करून जे मिळतं ते पाच माईकांच्या बेरजेतून मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. अट एकच. इथे मिक्सिंग आधी करायचं असतं, आणि ते माणसं बसवून करायचं असतं.

हे का जमतं ते कळायला रिबन माईक नेमकं काय ऐकतो ते पाहावं लागेल. अॅल्युमिनियमची एक अतिशय पातळ, चुणीदार फीत एका शक्तिशाली चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये सैलसर ताणून बसवलेली असते. मोठ्या रिबन माईकमध्ये ती सुमारे ६ सेंटीमीटर लांब आणि साधारण २ मायक्रॉन जाड असते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून तिच्या नाजूकपणाची कल्पना यावी. आवाजाने हवा हलली की ही फीत हवेबरोबर पुढे-मागे होते आणि चुंबकीय क्षेत्रात हलल्यामुळे तिच्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. तीच आपली ध्वनिखूण. जर्मनीत शॉटकी आणि गेर्लाख यांनी १९२४च्या सुमारास ही कल्पना मांडली. अमेरिकेत आरसीए कंपनीत हॅरी ओल्सन यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिला रोजच्या वापराचं रूप दिलं. जुन्या छायाचित्रांत गायकांपुढे दिसणारा तो मोठा, कोनदार जाळीचा माईक म्हणजे आरसीए ४४.

बहुतेक माईकांचा पडदा मागून पूर्ण किंवा अर्धवट बंद असतो. रिबन मात्र दोन्ही बाजूंनी उघडी असते. त्यामुळे ती हवेचा नुसता दाब मोजत नाही. पुढच्या आणि मागच्या बाजूच्या दाबातला फरक, म्हणजेच हवेची हालचाल, ती मोजते. समोरून आलेला आवाज तिला ढकलतो, मागून आलेला तितकाच ढकलतो, फक्त उलट दिशेने. आणि अगदी बाजूने आलेला आवाज? तो दोन्ही पृष्ठभागांवर एकाच वेळी, एकाच जोराने पोचतो. फीत जागची हलत नाही. म्हणून रिबनला पुढे एक कान आहे, मागे एक कान आहे, आणि डाव्या, उजव्या, वरच्या, खालच्या बाजूंनी ती बहिरी आहे. कागदावर काढलं तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आकार दिसतो. माईक मांडण्याचं सारं शास्त्र या दोन कानांतून आणि या बहिऱ्या कडांतून निघतं.

आता अशा दोन फिती घ्यायच्या, एकीवर एक उभ्या रचायच्या आणि एकमेकींशी काटकोनात फिरवायच्या. एकीचं तोंड ४५ अंश डावीकडे, दुसरीचं ४५ अंश उजवीकडे. ही मांडणी ब्रिटनमधल्या ईएमआय कंपनीचे अभियंते अॅलन ब्लूमलाइन यांची. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. चित्रपटगृहात पात्र पडद्याच्या एका टोकाला असतं आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडून येतो, ही गोष्ट त्यांना खटकली होती असं सांगतात. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम मोझार्टची 'ज्युपिटर' सिंफनी बसवत असताना ब्लूमलाइन यांच्या पद्धतीने तिचं स्टिरिओ रेकॉर्डिंग झालं. पुढे युद्धकाळात रडारची चाचणी घेताना ७ जून १९४२ रोजी विमान कोसळून ते गेले. वय अवघं ३८. घराघरांत स्टिरिओ तबकड्या पोचल्या त्या त्यांच्यानंतर दीड दशकाने. आज एईएचा आर८८ किंवा रॉयरचा एसएफ-१२ यांसारख्या माईकांत ही काटकोनातली जोडी एकाच डब्यात कायमची बसवलेली असते. कोन मोजण्याची कटकट त्यामुळे संपते. उरतो तो एकच प्रश्न : हा डबा ठेवायचा कुठे?

त्याआधी एक प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा. माईक खोलीच्या मध्यभागी ठेवायचा, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि एकाने सहा-सात फुटांवरून, सारख्या आवाजात बोलत, माईकभोवती सावकाश पूर्ण फेरी मारायची. आपण आता समोर आहोत, आता डावीकडे, असं तोंडाने सांगत गेलं तर उत्तम. मग ते स्पीकरवर ऐकायचं. समोर उभा असताना माणूस दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये ऐकू येतो. डावीकडे सरकत ४५ अंशांवर गेला की तो पूर्णपणे डाव्या स्पीकरमध्ये असतो, कारण तिथे उजव्या फितीची बहिरी कड लागते. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे. तो आणखी पुढे, माईकच्या कुशीला गेला की गंमत सुरू होते. आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो, पण एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. दिशा हरवते, आवाज कानांभोवती तरंगल्यासारखा वाटतो. तेवढ्यात मोनोचं बटण दाबलं, म्हणजे डावा-उजवा एकत्र केला, तर बरोबर ९० अंशांवर उभा असलेला माणूस जवळजवळ नाहीसा होतो! खोलीतून परत आलेला घुमारा काय तो शिल्लक राहतो. आणि बाजू ओलांडून तो मागच्या हिश्श्यात शिरला, की एकदम उजव्या स्पीकरमध्ये उगवतो. मागच्या बाजूला डावं-उजवं आरशासारखं उलटं असतं.

या एका फेरीत सगळे नियम येऊन जातात. माईकभोवतीच्या वर्तुळाचे चार समान हिस्से. समोरचा आणि मागचा कलाकारांचा. डावा आणि उजवा कुणाचाच नाही, तिथे माणूस बसवायचा नाही आणि टणक भिंतही येऊ द्यायची नाही. आणखी एक सुंदर गोष्ट या फेरीत दिसते : अंतर सारखं असेल तर माणूस कुठेही असो, दोन्ही फितींनी पकडलेल्या ऊर्जेची बेरीज तेवढीच राहते. साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर एक, हे शाळेतलं समीकरण इथे कानांनी ऐकता येतं. म्हणून या माईकपुढे कडेला बसलेला तबलजी मध्यभागी बसलेल्या गायकाइतकाच ठोस ऐकू येतो.

आता बैठक मांडू. गायक मध्ये, त्याच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी, मागे दोन तंबोरे. ही नेहमीची रचना. श्रोत्यांच्या बाजूने पाहिलं तर तबला डावीकडे आणि पेटी उजवीकडे. माईक गायकासमोर पाच फुटांवर ठेवला आणि तबलजी गायकापासून चार फूट बाजूला, त्याच रेषेत बसला असेल, तर माईकच्या दृष्टीने तो मध्यापासून सुमारे ३९ अंशांवर येतो. समोरच्या हिश्श्यात, कडेपासून थोडा आत. उत्तम जागा. पण गायकाचा आवाज 'जवळून हवा' म्हणून माईक दोन फूट पुढे सरकवला, तर तोच तबलजी जागचा न हलता ५३ अंशांवर जातो, म्हणजे हिश्श्याबाहेर. तबल्याचं स्थान डळमळीत होतं, थाप पोकळ वाटू लागते. तबला बिघडला असं वाटून लोक नवीन माईक शोधायला निघतात. खरं तर एकतर माईक मागे न्यायचा किंवा तबलजींना गायकाच्या जवळ घ्यायचं, एवढंच करायचं असतं. मंडळी जेवढ्या रुंदीत बसली आहेत त्याच्या निम्मं अंतर ही माईकची किमान मर्यादा. त्याहून थोडं मागेच सुरू करावं.

अंतराने दुसरं कामही आपोआप होतं. वरच्या मांडणीत गायक पाच फुटांवर आहे आणि तबला कर्णाने मोजला तर साडेसहा फुटांच्या आत-बाहेर. एवढ्या फरकाने तबला सुमारे २ डेसिबल खाली राहतो. विलंबित ख्यालात हे बहुधा बरोबर बसतं. तबलजींचा हात जड असेल तर त्यांना एक फूट मागे घ्यायचं. पेटीवाल्यांचं तसंच. पेटीचा भाता श्रोत्यांच्या बाजूला असतो, त्यामुळे त्याची खटखट आणि हवेचा फुसकारा थेट माईककडे येतो. पेटी किंचित तिरकी केली की तो बराच कमी होतो. हे बदल अर्ध्या-एका फुटाचे असतात आणि प्रत्येक बदलानंतर पाच मिनिटं गाऊन, ऐकून मगच पुढचा करायचा. कलाकारांना सुरुवातीला याचा कंटाळा येतो. पण एकदा स्पीकरवर स्वतःला ऐकलं की तेच सुचवू लागतात, "मी जरा मागे होतो, माझं फार पुढे येतंय." असं सुचवणारा साथीदार रेकॉर्डिस्टच्या हातातली सगळी यंत्रं मिळून करतात त्याहून जास्त काम करून जातो.

यात नवीन असं काही नाही. विजेचा माईक येण्याआधी, १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकात्यात गौहरजान यांच्या ध्वनिमुद्रिका केल्या तेव्हा समोर फक्त पत्र्याचा कर्णा होता. कोण कर्ण्याच्या किती जवळ आणि किती मागे, एवढ्यावरच तोल सांभाळला जात होता.

तंबोऱ्यांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. गायकाच्या मागे बसलेला तंबोरा माईकपासून सात-आठ फुटांवर जातो आणि त्याचा आवाज मुळातच लहान. जवारीतून उठणारी ती गुंजारव करणारी आस रेकॉर्डिंगमध्ये विरून जाते. इथे माईकचा मागचा कान कामाला येतो. एक तंबोरा गायकाजवळ ठेवावा, कारण गायकाला तो कानाशी हवाच. दुसरा माईकच्या पलीकडे, म्हणजे मागच्या हिश्श्यात, दोन-अडीच फुटांवर ठेवावा. मागचे आवाज स्टिरिओत समोरच्यांवर येऊन बसतात, त्यामुळे हा तंबोरा गायकाच्या मागून, सगळीकडून भरून येतोय असं ऐकू येतं. माझ्या मते या माईकचा हा सर्वांत देखणा उपयोग आहे. पलीकडे बसलेल्या साथीदाराने मात्र जागचं हलायचं नाही, कपड्यांची सळसळसुद्धा त्या अंतरावरून स्पष्ट येते. आणि सरकत सरकत तो बाजूच्या हिश्श्यात गेला तर षड्ज पोकळ होतो.

मागचा कान उघडा असल्यामुळे श्रोतेही रेकॉर्डिंगमध्ये येतात. समेवरची दाद, मध्येच कुणाचं 'क्या बात है'. मला ते हवं असतं. ज्यांना नको असेल त्यांनी श्रोत्यांशिवाय रेकॉर्डिंग करावं, पण मग गाणंही थोडं वेगळं होतं, हे कुणीही गायक सांगेल.

आता गायकाला जवळ का घेऊ नये, याचं आणखी एक कारण. दोन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या माईकजवळ गेलं की खर्ज फुगतो. आवाजाच्या उगमाजवळ दाब फार झपाट्याने उतरत असतो. फितीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूत अंतर ते केवढंसं, पण तेवढ्यातही दाबाचा फरक पडतो आणि खालच्या सुरांत हा फरक बाकी सगळ्यावर मात करतो. हिशेब करता येतो. १०० हर्ट्झच्या सुराला दीड मीटरवर जेमतेम अर्धा डेसिबल वाढ मिळते, एक मीटरवर सुमारे १, एका फुटावर ६ आणि अर्ध्या फुटावर साडेअकरा. रेडिओवरच्या जुन्या निवेदकांना आणि बिंग क्रॉसबीसारख्या मृदू आवाजात गाणाऱ्यांना हाच फुगवटा आवडायचा. आवाजाला मखमली वजन यायचं. पण ख्यालगायक मान हलवतो, तानेत पुढे झुकतो, मींड घेताना बाजूला वळतो. एका फुटावर तो चार इंच हलला तरी आवाजाचा रंग बदलतो. पाच फुटांवर तेच चार इंच कानाला जाणवतही नाहीत. मंद्रातला षड्ज आणि तारसप्तकातला पंचम एकाच गळ्यातून आल्यासारखे ऐकू यायला हवे असतील, तर अंतर ठेवावंच लागतं.

शिवाय आपल्या भाषांत महाप्राण व्यंजनं भरपूर. ख, घ, फ, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि २ मायक्रॉनच्या फितीला आवाजापेक्षा झोताची भीती जास्त. भावगीतासाठी किंवा कवितावाचनासाठी गायकाला दोन फुटांपर्यंत आणायचंच असेल, तर माईक कपाळाच्या उंचीवर ठेवून थोडा खाली झुकवावा. झोत खालून निघून जातो आणि आवाज मात्र सापडतो.

उंचीबद्दल थोडं अधिक. फीत आडवी अरुंद आणि उभी लांब असते. १० हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन सेंटीमीटरच्या आत, म्हणजे फितीपेक्षा लहान. त्यामुळे फितीच्या समतल उंचीवरून आलेले तीव्र सूर पूर्ण मिळतात, वरून किंवा खालून तिरके आलेले मंदावतात. व्यवहारात याचा अर्थ असा की उंची म्हणजे तुमच्या हातातलं धारदारपणाचं बटण आहे. जमिनीवर बसलेल्या गायकाचं तोंड अडीच-पावणेतीन फुटांवर असतं, तबल्याची शाई फूटभर उंचीवर. माईकचा मध्य साडेतीन फुटांवर ठेवून किंचित खाली झुकवला की गायकाला पूर्ण उजाळा मिळतो आणि तबल्याची चाट थोडी मऊ होते. चाट बोथट वाटली तर माईक दोन-चार इंच खाली आणायचा. टोचायला लागली तर वर न्यायचा. यंत्रावर सूर कमी-जास्त करण्याआधी स्टँडचा स्क्रू सैल करून पाहावा.

हा माईक खोलीची उणीदुणी झाकत नाही, आणि खोली निवडण्यात घालवलेला वेळ कधी वाया जात नाही. दहा बाय बाराच्या सिमेंटच्या खोलीत, चारी भिंती उघड्या असताना तो वापरूच नये असं माझं मत आहे. कारण रिबन हवेची हालचाल ऐकते, आणि टणक भिंतीला लागून हवेला पुढे-मागे हलायला जागाच नसते. तिथे दाब वाढतो, हालचाल थांबते. माईकची पाठ भिंतीला फार जवळ नेली की खालचे सूर पातळ होतात आणि भिंतीवरून परतलेला आवाज मागच्या कानातून उलटा होऊन मूळ आवाजात मिसळतो. डग्ग्याची घूम सर्वांत आधी मरते. मागे आठ-दहा फूट मोकळे असावेत. नसतील तर मागच्या भिंतीवर पुस्तकांनी भरलेली कपाटं हवीत, नाहीतर दोरीवर भिंतीपासून फूटभर पुढे टांगलेल्या जाड गोधड्या. भिंतीला चिकटवलेली गोधडी तितकं काम करत नाही, कारण तिथे हवा हलतच नसते. गोधडीने अडवायची असते ती हलती हवा.

छताच्या बाबतीत मात्र नशीब आपल्या बाजूने आहे. दोन्ही फितींची बहिरी कड बरोबर डोक्यावर येते. त्यामुळे सपाट स्लॅबवरून सरळ खाली आपटणारा आवाज, जो साध्या माईकला फार छळतो, तो इथे बराच गळून पडतो. जमिनीवरून तिरका उडून येणारा आवाजही काही अंशी कमी होतो, तरी गायक आणि माईक यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा हवाच. सरासरीने पाहिलं तर चहूकडून घुमत येणारा आवाज हा माईक सर्व दिशांनी ऐकणाऱ्या माईकच्या एक-तृतीयांशच घेतो, म्हणून त्याला तितक्याच स्पष्टतेसाठी १.७ पट लांब ठेवता येतं. लाकडी आढ्याचा वाडा, उतरत्या कौलांचं कोकणातलं घर, रात्रीच्या वेळचं शाळेचं सभागृह अशा जागा या माईकला मानवतात. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि ट्यूबलाइट गुणगुणत असेल तर तीही बंद.

चांगली खोली आणि नेमकी जागा यांतून काय साधतं ते ऐकायचं असेल तर 'अ मीटिंग बाय द रिव्हर' हा विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा अल्बम ऐकावा. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका चॅपलमध्ये, वॉटर लिली अकूस्टिक्सच्या कवी अलेक्झांडर यांनी तो ब्लूमलाइन मांडणीत रेकॉर्ड केला. त्यांचे माईक रिबन नव्हते, पण दोन कान पुढे, दोन मागे हे तत्त्व तेच. मोहनवीणा, स्लाइड गिटार, तबला आणि डुंबेक हे चौघे एकाच हवेत वाजवताहेत हे डोळे मिटून कळतं. त्या अल्बमला पुढे ग्रॅमी मिळालं.

एकट्या वाद्यासाठी वेगळी युक्ती आहे. माईक ४५ अंशांनी फिरवला की एक फीत थेट वाद्याकडे तोंड करते आणि दुसरी पूर्ण आडवी होते. पहिली वाद्य ऐकते, दुसरी फक्त बाजूंची खोली. नंतर दुसरीचं प्रमाण कमी-जास्त करून रुंदी ठरवता येते. सतारीसाठी तीन-चार फूट, पडद्यांच्या आणि भोपळ्याच्या मधोमध रोखून. व्हायोलिनसाठी वरून तिरका, चार-पाच फुटांवर. गजाची खरखर रिबनवर कधीच बोचत नाही, आणि व्हायोलिनवादक पहिल्यांदा ऐकल्यावर बहुधा हाच माईक मागतात. बासरीसाठी फुंकरीच्या वाटेतून माईक पूर्ण बाहेर ठेवावा, वरच्या बाजूने, निदान तीन फूट दूर. शहनाईला याहूनही जास्त अंतर.

माईकची काळजी घेणं हाही मांडणीचाच भाग आहे. स्टँडवर चढवताना आणि उचलून नेताना त्यावर कापडी पिशवी असावी, कारण वेगाने फिरवल्याने लागणारा वाराही फीत ताणू शकतो. 'चालू आहे का' हे बघायला फुंकर मारणाऱ्याला आधीच दूर ठेवावं. ठेवतानाही माईक उभाच ठेवावा, आडवा पडून राहिला तर फीत आपल्याच वजनाने लोंबते. साध्या रिबनचा आवाज इतका बारीक असतो की त्याला ६० डेसिबल किंवा अधिक वाढ देणारा शांत प्रीअॅम्प लागतो, नाहीतर आलापाच्या विरामांत सूं असा आवाज ऐकू येतो. कंडेन्सर माईकसाठी लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा अशा रिबनसाठी बंद करावा. केबल सदोष असेल तर तो फितीच्या जिवावर बेतू शकतो. आणि ऐकताना निव्वळ हेडफोनवर विसंबू नये. बाजूच्या हिश्श्यातला उलटसुलट आवाज हेडफोनवर छान रुंद वाटतो, स्पीकरवर मात्र तोच पोकळ निघतो. दर मांडणीनंतर मोनोचं बटण एकदा दाबून पाहावं. काहीही अचानक खाली गेलं, तर तो माणूस चुकीच्या जागी बसला आहे.

ज्या समूहासाठी ही मांडणी जणू आधीपासून तयार होती, तो म्हणजे वारकरी भजन. टाळकरी दोन ओळींत समोरासमोर उभे राहतात. एकच बाजू ऐकणाऱ्या माईकला त्यातली एक ओळ नेहमी पाठमोरी किंवा लांब पडते. काटकोनातली रिबन जोडी दोन ओळींच्या बरोबर मध्ये, उभ्या माणसाच्या तोंडाच्या थोडी वर ठेवली, की एक ओळ पूर्ण समोरच्या हिश्श्यात आणि दुसरी पूर्ण मागच्या हिश्श्यात येते. दोन्ही ओळी स्टिरिओच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पसरतात आणि एकमेकींवर बसतात. एक ओळ चरण म्हणते, दुसरी उचलते, तेव्हा आवाजाची रुंदी तशीच राहून फक्त गळे बदलतात. टाळांची झळाळी कंडेन्सर माईकवर अनेकदा काचेसारखी कर्कश होते. रिबनवर ती पितळेचीच राहते.

दोन ओळींमध्ये बारा-तेरा फूट अंतर असेल तर माईक प्रत्येक ओळीपासून सहा-साडेसहा फुटांवर येतो आणि प्रत्येक ओळ तेवढ्याच मापाने दोन्हीकडे पसरू शकते. त्यापेक्षा लांब ओळ असेल तर टोकांचे टाळकरी बाजूच्या हिश्श्यात जातात, म्हणून ओळ सरळ न ठेवता तिचा मधला भाग मागे घेऊन ती माईकभोवती कमानीसारखी किंचित वळवायची. सगळ्यांचं अंतरही त्यामुळे सारखं होतं. पखवाजाची नेहमीची जागा ओळींच्या टोकाशी, मध्यावर असली तर तो नेमका बाजूच्या हिश्श्यात सापडतो. मृदंगाचार्यांना विनंती करून एका ओळीच्या मध्याजवळ, तिच्या एक पाऊल मागे उभं करावं. डाव्या पुडीची कणीक लावलेली घूम तिथून भरपूर पोचते. वीणेकरी त्यांच्या समोर, दुसऱ्या ओळीच्या मध्यावर. विठ्ठलनामाचा गजर चढला की टाळकऱ्यांचे पाय आपोआप पुढे सरकतात आणि वर्तुळ आक्रसतं, म्हणून सतरंजीवर खडूने एक रेघ आखून ठेवावी आणि प्रीअॅम्पची पातळी त्या चढलेल्या गजरावर ठरवावी, सुरुवातीच्या अभंगावर नव्हे.